मागच्या गाडीला ऐकू जाईल असं आमेन

शर्ट घालताना माणूस बटण बघतो. बटण तुटलं की आरडाओरडा, बटणाचा रंग जुळला नाही की दुकानदाराशी हुज्जत. काजाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. अहो, बटण ज्या भोकातून जातं ते भोक काय कापडाला आपोआप पडतं? कुणीतरी ते कापतं, कडेचं सूत सुटू न देता एकेक टाका घालतं, प्रत्येक टाक्याला गाठ देतं, तेव्हा कुठे बटण जाग्यावर राहतं. त्या गल्लीत हे काम करणाऱ्या बाईंना सगळे काजवाल्या मावशी म्हणत. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर शेजारणींना दोन घरं फिरून यावं लागलं असतं.

मावशी काज शिकल्या प्रार्थनाघराच्या शिवणवर्गात. आई लवकर गेली, बापानं दुसरा संसार थाटला आणि ही पोर कुणालाच नको झाली. तेव्हाच्या पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, तिला हाताला धरून आणलं आणि शिवणवर्गाच्या बाकावर बसवलं. बाई मायाळू, पण कामात खाष्ट. काज हातात घेतलं की आधी उलटी बाजू बघायच्या. उलट्या बाजूला दोरा लोंबताना दिसला की सगळं उसवायला लावायच्या. मावशींनी त्या बाकावर बोटं टोचून घेतली, रडल्या, शिकल्या, आणि शिकता शिकताच देवाशी बोलायलाही लागल्या. त्यांना ती दोन कामं पुढे कधी वेगळी करता आली नाहीत.

लग्न झालं भोंगाकाकांशी. काकांची नोकरी बसडेपोतली. कर्णे वगैरे येण्याच्या आधीची गोष्ट ही. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, कुठली सुटणार, कुठली उशिरा, हे सगळं काका फलाटावर उभं राहून पुकारायचे. डेपोत इंजिनांची घरघर, फेरीवाल्यांचा गलका, पोरांची रडारड, आणि या सगळ्यावरून त्यांचा आवाज रांगेतल्या शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरला ऐकू जायचा. म्हणून नाव पडलं भोंगा. प्रार्थनाघरात ते मागच्या बाकावर बसून गायचे तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या दचकायच्या. लग्न ठरलं तेव्हा शिवणवर्गातल्या मैत्रिणींनी मावशींना छळ छळ छळलं. ‘अगं, हा माणूस कानात कुजबुजणार कसा? सगळ्या गल्लीला कळेल!’ कुजबुजणं काकांना खरोखर कधी जमलं नाही. मावशी रागावल्या की मात्र ते इतके गप्प बसायचे की मावशींनाच हसू यायचं.

घरची एक रीत होती. जेवण वाढलं की सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, काका प्रार्थना म्हणायचे, आणि मग प्रत्येकानं वेगवेगळं, एकेकट्यानं, आमेन म्हणायचं. एकदम पुटपुटलेलं चालायचं नाही. प्रार्थनाही काकांची स्वतःचीच, डेपोतल्या माणसाला शोभेल अशी. ‘प्रभू, हे तू दिलंस, आम्ही घेतो. ज्याच्या ताटात नाही त्याला विसरू नकोस. आणि जे अजून घरी पोचले नाहीत त्यांना सुखरूप पोचव.’ एवढंच. मग हात दाबून वाट बघायची. कुणी तोंडातल्या तोंडात आमेन म्हटलं की काका डोळे मिटूनच म्हणायचे, ‘मागच्या गाडीला ऐकू गेलं नाही!’ की पुन्हा म्हणायचं, मोठ्यानं. पाहुणेसुद्धा सुटायचे नाहीत.

एकच लेक. बबी. लहानपणी ती इतक्या जोरात आमेन म्हणायची की काका कानांवर हात ठेवल्याचं नाटक करायचे. मग पोर मोठी झाली. एके दिवशी जेवणावर म्हणाली, ‘मी नाही म्हणणार. मला त्यात काही वाटत नाही, मग का म्हणू?’ मावशींच्या हातून पळी पडली. काका हात धरून बसून राहिले. जेवण गार झालं, बबीही बापाचीच, हूं की चूं करीना. शेवटी काकांनी आमेन म्हटलं, श्वास घेतला आणि पुन्हा एकदा आमेन म्हटलं. ‘हे दुसरं कुणाचं?’ मावशींनी विचारलं. काका भाकरीला हात घालत म्हणाले, ‘तिचं. सध्या माझ्याकडून उसनं.’

तेव्हापासून त्या घरात काकांचं आमेन दोनदा व्हायचं. बबी वैतागायची. ‘बाबा, हे काय पोरखेळ लावलाय!’ काका म्हणायचे, ‘तू जेव.’ बबी शिकली, पाणीखात्यात लागली, लग्न करून गेली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आली. काकांचं दुसरं आमेन चालूच. ती सासरी होती तेव्हाही चालू होतं. मावशी मात्र मनातून झुरायच्या. पोर वाईट नव्हती हो. कष्टाळू, आईबापाला जपणारी. फक्त ते दार तिनं लावून घेतलं होतं, आणि मावशी रोज त्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. माझ्या डोळ्यांदेखत एकदा तिनं प्रार्थना म्हणावी, बाकी काही नको, एवढंच मागायच्या.

मग वारं फिरलं. कसं फिरलं हे धड कुणालाच सांगता येत नाही. आधी भिंतींवर काहीबाही लिहिलेलं दिसायला लागलं. मग प्रार्थनाघराच्या दारावर नोटीस, मग कुलूप, मग कुलपावर लाख. आता आत सरकारी खुर्च्या रचून ठेवल्यात म्हणतात. पाळकसाहेबांना एका सकाळी बोलावून नेलं. ‘दोन प्रश्न विचारायचेत,’ म्हणाले. ते दोन प्रश्न अजून संपलेले नाहीत. देखरेखखात्याची निळ्या शर्टातली माणसं सगळीकडे दिसायला लागली, बाजारात, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्यात. प्रार्थनाघराशी संबंध असलेलं माणूस सापडलं की ते फार काही करायचे नाहीत. गळ्यातलं ओळखपत्र दोरीसकट काढून घ्यायचे. बस्स. ओळखपत्र नाही म्हणजे नोकरी नाही, दवाखाना नाही, गाडीत पाय ठेवायचा नाही. पाळकसाहेबांच्या बायकोचं भर बाजारात काढून घेतलं तेव्हा मावशी पलीकडच्या टोपलीपाशी उभ्या होत्या. ती बाई मावशींकडे बघत होती. मावशी वाकून भाजी निवडत राहिल्या. निवडलेली भाजी न घेताच घरी आल्या आणि मोरीत जाऊन रडल्या.

आता जगायचं तर घरातली रीत मोडायला हवी होती. पण मोडणार कुणाची? काकांचं डोकं तोवर निसटायला लागलं होतं. डेपोतून निवृत्त होऊन जमाना झाला तरी सकाळी टोपी शोधायचे. बबीला कधी कधी स्वतःची बहीण समजायचे. इंजिनांनी कान आधीच खाल्ले होते. स्वतःची प्रार्थनासुद्धा ते विसरले. पण एक गोष्ट पक्की होती. जेवण समोर आलं की हात पुढे करायचे, डोळे मिटायचे आणि थांबायचे. मावशींनी प्रार्थना म्हणायची, मग आमेन, मग दुसरं आमेन, मग घास. मावशींनी यावर एक तोड काढली. जेवणाच्या वेळी रेडिओ फुल्ल सोडायचा. एकीकडे बातम्या देणारा बोंबलतोय आणि त्याच्या आडून मावशी नवऱ्याच्या कानात ओरडून प्रार्थना म्हणताहेत! वरच्या मजल्यावरची बाई एकदा म्हणालीसुद्धा, ‘तुमच्याकडे बातम्यांची भारी आवड.’ मावशी म्हणाल्या, ‘ह्यांना लागतात.’

प्रार्थनाघर गेलं, तरी मावशींनी दुसरी एक सोय करून ठेवली होती, आणि ती कुणाला दिसायची नाही. शर्टांच्या कारखान्यात त्या काजं करायच्या तेव्हा एकेक काज एकेकाच्या नावानं करायच्या. गळ्याचं काज पाळकसाहेबांचं. त्याखालचं काकांचं. तिसरं बबीचं. खालची, बाह्यांची, ती प्रार्थनाघरातल्या बाकीच्या माणसांची, आळीपाळीनं. काज पुरं होईतोवर त्या माणसासाठी देवाशी बोलायचं, गाठ मारली की पुढचं. शेजारी बसणाऱ्या बायकांना वाटायचं, मावशी म्हाताऱ्या झाल्या, टाके मोजताना ओठ हलवतात.

आणि शर्ट कुणाचे? निळ्या शर्टवाल्यांचेच! कारखान्याला ते मोठं काम मिळालं होतं, मालक खुशीत होता. बाकीचं सगळं मशीनवर, पण काजं हातची हवीत असा वरचा हुकूम. मावशींच्या मनात यायचं, एखादं काज मुद्दाम सैल घालावं. ऐन हुकूम सोडताना साहेबाचं बटण निसटावं. हात तयार व्हायचा नाही. पाळकीणबाई वरून उलटी बाजू बघतील असं वाटायचं.

अशात काका मोरीच्या उंबऱ्यावर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता झाल्यावर माणसानं वर न बघता विचारलं, ‘प्रार्थनाघराशी संबंध?’ मावशींनी तोंड उघडायच्या आत बबी म्हणाली, ‘नाही,’ आणि कागदावर सही केली. मावशी फरशीकडे बघत राहिल्या. काकांना हाडांच्या वॉर्डात खाट मिळाली. पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाशी वजन लोंबकळत सोडलं. हलायचं नाही, हाड जुळेपर्यंत इथेच. वॉर्डाच्या दाराशी स्टुलावर एक निळा शर्टवाला बसलेला असायचा आणि जेवणाच्या वेळी, नातेवाईक आले की, खाटांमधून फिरायचा.

पहिल्या दुपारी दूध-पाव आला. काकांनी हात पुढे केला, डोळे मिटले. तेव्हा कुठे मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे रेडिओ नव्हता.

त्यांनी हात धरला. हात धरायला काही बंदी नव्हती. ओठ हलवून, आवाज न करता सगळी प्रार्थना म्हटली. काकांनी एक डोळा उघडला.

‘अगं, कर की सुरू,’ ते म्हणाले. त्यांच्या मानानं हळू, म्हणजे पलीकडच्या तीन खाटांना ऐकू गेलं.

‘झालं, झालं. खा आता.’

‘कुठे झालं?’ पुन्हा डोळा मिटला. मावशींनी पावाचा तुकडा ओठांना लावला. ओठ घट्ट.

हा हट्ट नव्हता. हट्ट असता तर मावशींनी मोडला असता, जन्मभर तेच केलं होतं. डोक्यातून सगळं निघून गेलं तेव्हा ही एक वाट तेवढी उरली होती. हात, प्रार्थना, आमेन, घास. मधली पायरी नाही आली तर पुढची त्यांना सापडतच नव्हती. बिचारे वाट बघत राहायचे, मग थकून झोपायचे. पाण्याला प्रार्थना लागायची नाही, म्हणून पाणी प्यायचे. मावशींनी पाणी म्हणून दूध पाजून बघितलं. एक घोट घेतला, थबकले, दूध ओठांच्या कडेनं बाहेर आलं. ‘जेवण आहे हे,’ म्हणाले आणि चूक केलेल्या मुलासारखा चेहरा करून मावशींकडे बघितलं. मावशींना तेव्हा जो राग आला तो कुणावर आला हे त्यांनाच कळेना. नवऱ्यावर, बबीवर, स्टुलावरच्या त्या माणसावर, की आणखी वर.

वॉर्डाच्या सिस्टरच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती घाबरट होती, पण दगड नव्हती. एका दुपारी निळा शर्टवाला चहाला गेलेला बघून ती आली आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. ‘मावशी, काय असेल ते उरका पटकन. मी काही बघितलेलं नाही.’

मावशी नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. ‘प्रभू, हे तू दिलंस...’

‘काय?’

‘हे तू दिलंस, आम्ही...’

‘मोठ्यानं!’ काका गरजले. ‘मोठ्यानं म्हण! ऐकू येत नाही!’

पडद्यात काय राहणार होतं तो आवाज! सगळा वॉर्ड वळून बघायला लागला असणार. पडदा बाजूला झाला आणि निळा शर्ट आत आला.

‘काय मोठ्यानं म्हणायचं?’

सिस्टर केव्हाच गायब. मावशी खुर्चीवर बसलेल्या, त्यामुळे त्या माणसाची छाती त्यांच्या डोळ्यांसमोर. काजं हातची. दोरा मेणावरून ओढल्यावर येते तशी चमक, टोकाला तिरकी गाठ. तशी गाठ त्या कारखान्यात एकच बाई मारायची. वरून तिसरं काज होतं ते. बबीचं.

‘साहेब, त्यांना कमी ऐकू येतं,’ मावशी म्हणाल्या. ‘पाव हवा का विचारत होते मी.’

‘तुम्ही त्यातले नाही ना?’

‘नाही साहेब.’

‘आवाज कमी ठेवा.’ तो गेला.

खिडकीवर बबीनं सांगितलं होतं, ते बबीचं होतं. हे त्यांचं स्वतःचं, स्वतःच्या तोंडानं, नवऱ्याचा हात हातात असताना. मावशींना वाटलं, मेले असते तर बरं. काका डोळे मिटून अजून थांबलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गळ्याचं काज झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला दोरा ओवला आणि नाव घ्यायला तोंड उघडेना. ज्याला कालच ओळख नाही सांगितलं त्याच्याकडे आज मागायचं कुठल्या तोंडानं? काज घातलं, उसवलं, परत घातलं. कापड विरायला लागलं. शेजारची बाई म्हणाली, ‘मावशी, तब्येत बरी नाही का?’ मावशी म्हणाल्या, ‘चष्मा बदलायला झालाय.’ अशी आता त्यांना थापांची सवयच लागत चालली होती.

काका रोज थोडे थोडे खाटेत कमी व्हायला लागले. सलाइन लावली, ती काय पुरणार? डॉक्टरांनी मावशींना बाजूला घेतलं. ‘बाई, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांची अवस्था बघता नळी सोसेल असं वाटत नाही. तुम्ही घरची माणसं, काहीतरी करून खायला घाला.’ काहीतरी करून! मावशी मान हलवून आल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मायलेकींची जुंपली.

‘त्यांना सांग ना, आई! म्हणावं हे देवाबिवाचं घरी गेल्यावर करू!’

‘सांगून समजेल असं डोकं राहिलंय का तुझ्या बापाचं?’

‘मग तू म्हण प्रार्थना! म्हणून टाक एकदाची!’

‘आणि तुझं ओळखपत्र?’ मावशींचा आवाज चिरकला. ‘खिडकीवर सही तुझी आहे. मी तोंड उघडलं की माझं काय, मी म्हातारी, माझं जाऊ दे. पण ते तुझं काढून घेतील. पाणीखातं गेलं की तू काय करशील? आपण तिघं काय खाऊ? न म्हणावं तर ते जातात, म्हणावं तर तू जातेस. कुणाला सोडू सांग मला. तू सांग! मला नाही ठरवता येत.’

बबी भांडी आपटत राहिली. मग भांड्यांचा आवाज थांबला. ती ओट्याला टेकून उभी होती, पाठ मावशींकडे.

‘बाबा अजून म्हणायचे का गं? माझं उसनं?’

‘पडले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. तुझं नाव विसरले, तरी ते विसरले नाहीत.’

बबी कोरडी झालेली भांडी पुन्हा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दूध-पाव आला. काकांनी हात उचलायचा प्रयत्न केला, तो चादरीवरून वर येईना. मावशींनीच तो हातात घेतला. सिस्टर दोन खाटा सोडून कुणाची तरी पट्टी बदलत होती आणि इकडे बघायचं टाळत होती. निळा शर्टवाला खिडकीपाशी उभा राहून रस्ता बघत होता. काकांचे डोळे मिटलेले. भुवया वर, वाट बघताना असायच्या तशा. मावशी मनात म्हणत होत्या, देवा, त्यांना विसरायला लाव. एवढं सगळं विसरायला लावलंस, हेही एक विसरायला लाव. कसली प्रार्थना ती! पण तेवढीच उरली होती त्यांच्यापाशी.

बबी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधून तशीच आली होती. गळ्यात ओळखपत्र. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि बापाचा दुसरा हात हातात घेतला. मावशींना आधी काही कळलं नाही. बबीनं डोळे मिटले तेव्हा कळलं.

‘नको,’ मावशी म्हणाल्या. ‘बबी, नको.’

जन्मभर जे मागितलं ते समोर येऊन बसलं होतं, आणि मावशींचा जीव नको नको म्हणत होता. हात मोकळा असता तर त्यांनी पोरीच्या तोंडावर ठेवला असता.

‘प्रभू, हे तू दिलंस,’ बबी म्हणाली.

आवाज तिच्याही ध्यानीमनी नसेल असा निघाला. बापाचाच होता तो, डेपोतला, इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. वॉर्डातली कुजबुज थांबली. खिडकीपाशी निळा शर्ट वळला.

‘आम्ही घेतो. ज्याच्या ताटात नाही त्याला विसरू नकोस.’ मध्येच ती अडखळली. काकांनी तिचा हात दाबला, जेमतेम, पण दाबला. ‘आणि जे अजून घरी पोचले नाहीत, त्यांना सुखरूप पोचव. आमेन.’

निळा शर्टवाला खाटांमधून चालत येत होता. घाई नव्हती त्याला. काकांच्या चेहऱ्यावर ऐकू आल्याचं समाधान पसरलं होतं, पण ओठ उघडले नाहीत. अजून एकीचं राहिलं होतं. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी मान मावशींच्या बाजूला वळवली.

‘आमेन,’ मावशी पुटपुटल्या.

काका थांबले. मग त्यांच्या घशातून, फाटक्या, बारीक आवाजात, पण तोच शब्दन्‌शब्द निघाला. ‘मागच्या गाडीला ऐकू गेलं नाही.’

तो माणूस आता खाटेच्या पायथ्याशी, लोंबकळणाऱ्या वजनापाशी येऊन उभा राहिला होता. मावशींनी बबीकडे बघितलं. बबीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ‘म्हण, आई,’ ती म्हणाली. ‘आता काय उरलंय? म्हण.’

मावशींनी छाती भरून श्वास घेतला. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी, नवऱ्याच्याच आवाजानं घर भरलेलं असायचं. त्यांनी आमेन म्हटलं ते वॉर्डाच्या दुसऱ्या दारापर्यंत गेलं. तिथे बोळा फिरवणारी बाई फडकं हातात घेऊन थांबली.

‘आमेन,’ काका म्हणाले.

मावशी सवयीनं दुसऱ्याची वाट बघत राहिल्या. ते आलं नाही. काकांनी बबीच्या बाजूला मान वळवली, त्यांचा अंगठा तिच्या हातावरून एकदा फिरला, आणि त्यांनी तोंड उघडलं.

मावशींनी पाव दुधात बुडवला आणि घास भरवला. काका हळूहळू चावायला लागले. निळा शर्टवाला बबीच्या मागे जाऊन उभा राहिला. ‘मान खाली करा,’ तो म्हणाला. बबीनं केली. तो ओळखपत्राची दोरी वर ओढत होता आणि ती तिच्या केसांत अडकली होती. तिला दुखत होतं हे मावशींना दिसत होतं. पण एक हात काकांनी धरून ठेवला होता, आणि दुसऱ्या हातात पुढचा घास होता.